बेल्जियन बिअर: आधी थर्मामीटर, मग ग्लास

ब्रसेल्सहून येताना मावसभावाने माझ्यासाठी ‘रोशफोर १०’ या बिअरची एक बाटली आणली होती. ३३ सेंटिलिटरची छोटी बाटली, ११.३ टक्के अल्कोहोल, आर्देन भागातल्या मठात तयार झालेली. मी ती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली. ग्लाससुद्धा फ्रीझरमध्येच, वर पांढरं हिम धरेपर्यंत. पहिला घोट घेतला तर थंड, थोडा कडू, थोडा करपट, आणि बाकी काही नाही. तेवढ्यात फोन आला. वीस-पंचवीस मिनिटांनी परत आलो तेव्हा ग्लासात उरलेल्या चार घोटांना मनुकांचा, अंजिराचा, काकवीचा वास येत होता. बाटली तीच, ग्लास तोच. मधे बदललं ते फक्त तापमान.

बेल्जियन बिअरचा विषय निघाला की लोक ग्लासांवर बोलतात. साहजिक आहे, कारण ग्लास दिसतो, त्याचा फोटो निघतो आणि तो घरी आणता येतो. तापमान यातलं काहीच करू देत नाही. पण चवीतला निम्म्याहून जास्त फरक तापमानाचा, उरलेल्यातला बराचसा ग्लासाच्या स्वच्छतेचा, आणि आकाराचा नंबर त्यानंतर, असं माझं मत झालंय. म्हणून या लेखाचा क्रमही तसाच आहे.

थंडी चवीचं काय करते

पहिलं काम वासावर होतं. बेल्जियन बिअरमध्ये केळ्याचा, लवंगेचा, मिरीचा वास येतो तो बहुतेक वेळा यीस्टमुळे. बाटलीत ना केळं असतं ना लवंग. आंबवण उबदार तापमानाला होते तेव्हा यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेटसारखी एस्टरं तयार करतं, तो केळ्याचा वास. काही जातींचं यीस्ट ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाचा पदार्थ तयार करतं, ती लवंग. हे पदार्थ हवेत उडाले तरच नाकापर्यंत पोचतात, आणि ३-४ अंशांवर ते फारसे उडत नाहीत. साध्या लागरमध्ये (आपल्याकडची नेहमीची फिकी बिअर) मुळातच असे वास कमी, म्हणून ती बर्फासारखी प्यायली तरी फारसं काही हुकत नाही. ट्रिपल, म्हणजे सोनेरी आणि कडक बेल्जियन बिअर, तशी प्यायली तर ज्याचे पैसे दिले तेच बाटलीत राहतं.

दुसरं काम जिभेवर. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की गोड चवीचा निरोप पुढे नेणारी टीआरपीएम-५ नावाची जी वाहिनी चवपेशींत असते, ती उष्णतेबरोबर जास्त जोमाने काम करते. वितळलेली कुल्फी अतिगोड का लागते याचं उत्तर हेच. (लुव्हेन हेच स्टेला आर्त्वा या लागरचं गाव, हा योगायोग मला फार आवडतो.) गडद बेल्जियन बिअरचा गोडवा आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) भरीवपणा थंडीत झाकला जातो. मग कडवटपणा आणि गॅसची चुणचुण एवढंच शिल्लक राहतं, आणि बिअर ‘पातळ’ वाटते.

तिसरं काम गॅसवर. शून्य अंशांवर पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या साधारण निम्माच २० अंशांवर विरघळतो. बेल्जियन बिअरमध्ये बऱ्याचदा बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, त्यामुळे गॅस नेहमीच्या लागरपेक्षा बराच जास्त असतो. अशी बाटली उन्हाळ्यात टेबलावर विसरून मग उघडली, तर निम्मी बिअर टेबलावर आणि निम्मी छतावर.

म्हणजे गरम करत जायचं का? नाही. प्रत्येक बिअरला वरची मर्यादाही असते. १६-१७ अंशांच्या पुढे ट्रिपलमधलं अल्कोहोल नाकात घुसतं, गॅस सुटून जातो आणि गोडवा चिकट होतो.

पहिली पायरी: बाटली उभी ठेवा

परदेशातून येताना विमानतळावर दारूची करमुक्त मर्यादा २ लिटर आहे. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, नियम करणाऱ्याच्या डोक्यात बेल्जियमच असावं! पण प्रवासात तळाचं यीस्ट सगळं ढवळून निघतं. घरी आल्यावर बाटल्या निदान दोन दिवस उभ्या ठेवा, शक्यतो फ्रिजमध्ये. इथल्या दुकानातून घेणार असाल तर तारीख बघा, आणि उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली मांडून ठेवलेली बाटली घेऊ नका. उजेडाने हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतले) कडू पदार्थ मोडतात आणि घाणेरडा वास येतो. हिरव्या आणि पारदर्शक काचेत हे पटकन होतं, तपकिरी काचेत उशिरा. हा वास कुठल्याच ग्लासाने जात नाही.

एकच अपवाद म्हणजे ग्यूझ ही आंबट बिअर. ती आडवी साठवतात, म्हणून गाळ बाटलीच्या एका बाजूला बसतो. ब्रसेल्सकडच्या जुन्या कॅफेंत ती वेताच्या छोट्या टोपलीत आडवीच ठेवून ओततात, बाटली उभी न करता. घरी टोपली नसेल तर आदल्या दिवशी बाटली हलकेच उभी करून ठेवा, झालं.

दुसरी पायरी: ओतताना किती अंश

काही बेल्जियन लेबलांवर ‘तळघराचं तापमान’ असं म्हटलेलं असतं. त्याचा अर्थ साधारण १२ अंश. आपल्याकडे ‘रूम टेंपरेचरला प्या’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यांची खोली आणि नागपूरची खोली यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असू शकतो.

माझ्या वापरातले आकडे देतो. हे सगळे ग्लासात ओततानाचे आहेत, कारण पिता पिता बिअर आणखी ३-४ अंश चढतेच.

गव्हाची पांढरी बिअर, म्हणजे हूगार्डन किंवा तिच्या धाटणीची कुठलीही, ४ ते ६. संत्र्याची साल आणि धणे घातलेली ही हलकी बिअर थंडच चांगली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून ‘बेल्जियन विटबिअर’ हा शब्द आपल्याकडे रुळला, तो याच जातीचा. डूव्हलसारखी सोनेरी, कडक आणि कोरडी बिअर ६ ते ८. ट्रिपल ८ ते १०, सेझों ही कोरडी, मसालेदार वासाची बिअरही तेवढीच. वेस्टमालेची ट्रिपल १९३४ पासून बनते आणि ९.५ टक्क्यांची आहे. ती ८ वर ओता आणि १३ पर्यंत चढू द्या. पहिल्या आणि शेवटच्या घोटातला फरक बघण्यासाठीच ती प्यावी, असं मला वाटतं. डबल, म्हणजे ट्रिपलहून हलकी तपकिरी बिअर, १० ते १२. रोशफोर १०, शिमे ब्ल्यू, वेस्टफ्लेटरेन १२ अशा गडद आणि जड बिअर १२ ते १४. ओर्वाल ११-१२ च्या आसपास.

आंबट घराण्याचं थोडं वेगळं. ब्रसेल्स आणि पायोटेनलांडमध्ये हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवलेली लाम्बिक, आणि एक, दोन, तीन वर्षांच्या लाम्बिक एकत्र करून होणारी ग्यूझ, १० ते १२. त्याहून थंड केली तर आंबटपणा टोचतो आणि तबेल्यासारखा, जुन्या लाकडासारखा जो वास हवा असतो तो गायब होतो. रूसेलारेची रोडेनबाख ओकच्या प्रचंड पिंपांत मुरते. ती ८ ते १२. आणि गोड फळांच्या बिअर ५-६ ला खुशाल घ्या. लीफमान्सवाले तर त्यांची फ्रुटेस बर्फाच्या खड्यांवर ओतायला सांगतात, त्यामुळे शुद्धतावाद्यांनी जरा शांत राहावं.

रंग जितका गडद आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकं तापमान वर, असा ढोबळ नियम धरता येईल. पण डूव्हल ८.५ टक्क्यांची असूनही थंडच हवी, कारण ती फिकी, कोरडी आणि गॅसने भरलेली आहे. नियमापेक्षा ओतून बघणं बरं.

तिसरी पायरी: ते अंश गाठायचे कसे

घरच्या फ्रिजचा मागचा भाग साधारण ३-४ अंशांवर असतो, दारातला कप्पा त्याहून गरम. म्हणजे पांढरी बिअर फ्रिजमधून थेट काढावी, आणि बाकी सगळ्या बाहेर काढून थांबावं. किती? खोली ३० अंशांची असेल तर ट्रिपलला दहा-बारा मिनिटं, गडद बिअरला वीस. थंडीच्या दिवसांत याच्या जवळपास दुप्पट. स्वयंपाकातला सुईचा डिजिटल थर्मामीटर आणा आणि पहिल्या ग्लासात बुडवून बघा. दोन-तीन वेळा मोजलं की अंदाज बसतो. पाहुणे हसतील. हसू द्या.

उलटा प्रश्न, म्हणजे बाटली गरम आहे आणि पाहुणे दारात: भांड्यात बर्फ घाला, मग पाणी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाणी बाटलीला सगळीकडून लागतं. आठ-दहा मिनिटांत १२ अंशांच्या जवळ येते. फ्रिजमध्ये त्याच कामाला दीड तास लागेल. फ्रीझर नको, विसरलात तर बाटली फुटते, आणि तुम्ही विसरताच.

आता ग्लासाच्या तापमानाची गोष्ट, जी जवळपास कुणीच लक्षात घेत नाही. समजा, ३०० ग्रॅम वजनाचा काचेचा ग्लास ३० अंशांच्या खोलीत कपाटात होता. त्यात ५ अंशांची ३३० मिलीलिटर बिअर ओतली. काचेची सगळी उष्णता बिअरमध्ये उतरली तर बिअर जवळपास ९ अंशांवर जाते. म्हणजे एक घोटही न घेता चार अंश गेले. गडद बिअरला हे फायद्याचं, फ्रिजमधून काढल्यावर थांबायचं काम ग्लासच करतो. पण पांढऱ्या बिअरची वाट लागते. म्हणून हूगार्डनचा जो जाडजूड षटकोनी ग्लास आहे, तो आधी फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच उपयोगाचा. जाड काच थंडी धरून ठेवते, तशीच ती गरमीही धरून ठेवते.

फ्रीझरमधला बर्फाळलेला ग्लास मात्र कुठल्याच बेल्जियन बिअरला देऊ नये. काचेवरचं हिम वितळून बिअरमध्ये पाणी होतं, त्या खरखरीत थरावर फेस वेडावाकडा उसळतो, आणि बिअर आणखी दोन-तीन अंश खाली जाते. रोशफोरवर मी केलेला गुन्हा हाच.

बेल्जियन कॅफेत ओतण्याआधी ग्लास गार पाण्याने विसळतात. धूळ आणि साबणाचा अंश जातो, काच गार होते आणि ओल्या काचेवर फेस आवरतो. पण आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच अंघोळीला पुरेल इतकं तापलेलं असतं. माठातलं पाणी घ्या. या कामाला त्याच्यासारखं काही नाही.

चौथी पायरी: ग्लास धुणं

हे कंटाळवाणं आहे आणि आकारापेक्षा महत्त्वाचं आहे. बिअरचा फेस माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू पदार्थ यांच्या जाळ्यावर उभा असतो. तेलाचा सूक्ष्म थरही हे जाळं मोडतो. आणि आपल्या सिंकमध्ये ग्लास कशाने घासला जातो? ज्या घासणीने आत्ताच फोडणीची कढई घासली, तिने. बिअरच्या ग्लासांसाठी वेगळा स्पंज ठेवा, गंध नसलेला सौम्य साबण अगदी थोडा, आणि भरपूर पाण्याने विसळा. फडक्याने पुसू नका. स्वयंपाकघरातलं फडकं मसाल्याचा वास धरून असतं. जाळीवर उपडा ठेवून वाळू द्या. थेट ओट्यावर किंवा कापडावर उपडा ठेवलात तर आत कोंदट वास बसतो.

तपासायचं असेल तर ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेला ते सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागी चिकटत नाही. आणखी सोपी खूण बिअर ओतल्यावर दिसते: आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास अस्वच्छ आहे. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची एकेक जाळीदार कडी मागे राहते, तिला ब्रसेल्सची लेस म्हणतात.

याच कारणाने भजी आणि फरसाण यांची संगत जपून करा. तेलकट ओठ काठाला लागले की फेस दोन मिनिटांत बसतो. बेल्जियममध्ये चीजचे चौकोनी तुकडे, सोबत मोहरीची चटणी आणि सेलेरीचं मीठ देतात. त्यातही स्निग्धपणा असतोच, पण तळणाइतका ओठांवर राहत नाही.

पाचवी पायरी: आता आकार

२०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. त्या संस्कृतीचा सगळ्यात दिसणारा भाग म्हणजे प्रत्येक बिअरला स्वतःचा ग्लास. यातले काही आकार खरंच काम करतात, काही निव्वळ रुबाब आहेत.

काम करणारा आकार ट्यूलिपचा: खाली फुगीर पोट, वर आवळलेला गळा, आणि काठाला पुन्हा थोडा बाहेर झुकलेला. पोटात वास जमतो, गळा तो अडवतो, आवळलेल्या भागात फेस उंच उभा राहतो. डूव्हलने १९६० च्या दशकाच्या अखेरीस असा ग्लास आणला, तेव्हा ३३ सेंटिलिटरची पूर्ण बाटली फेसासकट एका ग्लासात मावणं हीच नवलाई होती. त्याच्या तळाशी आतून ‘डी’ अक्षर कोरलेलं असतं. ते शोभेचं नाही. त्या खरखरीत रेषांवर गॅसचे बुडबुडे सतत जन्म घेतात, त्यामुळे फेस टिकतो आणि वास वर येत राहतो.

मठांच्या ट्रॅपिस्ट बिअरला रुंद तोंडाचा चषक देतात. ओर्वालचा जाड काचेचा चषक आंरी व्हाएस या वास्तुविशारदाने १९३२ मध्ये आखला, आणि ओर्वालचा नवा मठही त्याचाच. देखणा आहे. जाड काचेमुळे तापमान हळू बदलतं आणि रुंद तोंडामुळे दाट फेसातून मोठा घोट घेता येतो. पण रुंद तोंडातून वास उडूनही जातो. गडद ट्रॅपिस्ट बिअर मी एकटा असलो की वाइनच्या मोठ्या ग्लासात पितो आणि चषक पाहुण्यांसमोर काढतो, हे इथे कबूल करून टाकतो.

अँटवर्पमध्ये डे कोनिंक बिअरच्या गोल ग्लासाला ‘बोलेके’ म्हणतात, म्हणजे छोटा गोळा. मराठी कानाला ते ‘बोलकं’ ऐकू येतं, आणि दोन प्यायल्यावर माणूस होतोही तसाच. क्वाक या बिअरचा ग्लास तळाला गोल, म्हणून लाकडी स्टँडमध्ये उभा. घोडागाडीवाल्यांसाठी तो बनवला अशी गोष्ट सांगतात. चवीला त्याचा काही फायदा मला जाणवलेला नाही. शेवटी हवा आत शिरली की बिअर अंगावर येते, एवढाच अनुभव. गेंटमधल्या डुले ग्रीट या कॅफेत तसाच १.२ लिटरचा ग्लास मिळतो. तो घ्यायचा तर एक बूट काढून द्यावा लागतो. बूट टोपलीत घालून छताला टांगतात आणि ग्लास परत केल्यावरच खाली येतो.

आंबट लाम्बिक आणि ग्यूझला मात्र साधा, सरळ भिंतींचा पेला परंपरेने चालतो, आणि चांगला चालतो.

घरी यातलं काही नसेल तर रेड वाइनचा मोठा ग्लास किंवा ब्रँडीचा फुगीर ग्लास घ्या. एकच अट: ३३० मिलीलिटर बिअरला निदान ४५०-५०० मिलीलिटरचा ग्लास हवा, नाहीतर फेसाला आणि वासाला जागाच उरत नाही. स्टीलचा पेला नको. तो हाताची ऊब क्षणात आत पोचवतो, आणि रंग दिसत नाही ते वेगळंच.

वक्र ग्लासाबद्दल एक सावधगिरी. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात लोकांनी वक्र ग्लासातली बिअर सरळ ग्लासापेक्षा लक्षणीय वेगाने संपवली. वक्र ग्लासात निम्मी कुठे झाली याचा अंदाज चुकतो. आणि हिशेब असा: ३३० मिलीलिटर ट्रिपलमध्ये जेवढं अल्कोहोल आहे, जवळपास तेवढंच आपल्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलीलिटरच्या मोठ्या बाटलीत असतं. छोटी बाटली दिसते म्हणून दुसरी उघडू नका. गाडीची किल्ली तर आधीच दुसऱ्याकडे द्या.

सहावी पायरी: ओतणं

विसळलेला ओला ग्लास ४५ अंशांत तिरका धरा. बाटलीचं तोंड काचेला न लावता बिअर भिंतीवरून हळू सोडा. दोन तृतीयांश झाली की ग्लास सरळ करा आणि धार मधोमध पाडा, दोन बोटं फेस येईल. एका दमात ओता. मधेच बाटली सरळ केली की तळाचं यीस्ट उठतं आणि पुढची धार गढूळ येते. तळाला सेंटिमीटरभर बिअर बाटलीतच राहू द्या.

पांढऱ्या बिअरचं उलट: थोडी शिल्लक असताना बाटली गोल फिरवून गाळ उठवा आणि तोही ओता. ढगाळपणा हीच तिची ओळख.

डूव्हलला घाई केली तर ग्लासभर फेसच मिळतो. बेल्जियममध्ये पिंपाच्या बिअरवर आलेला जास्तीचा फेस चपट्या सुरीने कापतात. बाटलीच्या बिअरला तसं काही करू नका, दोन मिनिटं थांबा.

घरी करून बघा

एकाच ट्रिपलच्या दोन बाटल्या घ्या. एक फ्रिजमधून थेट, दुसरी १२ अंशांवर आणलेली. दोन सारख्या ग्लासांत ओता, आणि कुठला कुठला ते फक्त ओतणाऱ्याला माहीत असू द्या. आधी वास घ्या, मग घोट. पुढच्या वेळी उलट करा: तापमान एकच, पण एकदा सरळ पेला, एकदा ट्यूलिप. त्यातही डोळे मिटून, कारण देखणा ग्लास दिसला की जीभ आपोआप चार गुण जास्त देते.

बाटलीत राहिलेलं यीस्ट फेकू नका. ते वेगळ्या छोट्या ग्लासात ओतून चाखा: भिजवलेल्या पावासारखं, किंचित कडसर. काहींना आवडतं. मला नाही आवडत. मी ते दुसऱ्या दिवशीच्या घावनाच्या पिठात घालतो.